चिपळूण, ३३६ चौरस फुटांचा गाळा, दोन डेंटल चेअर: आखणी कशी करावी, सामान कोणतं घ्यावं?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. चिपळूणमध्ये तळमजल्यावरचा गाळा नक्की झाला आहे. आतून १२ फूट रुंद, २८ फूट लांब, उंची ११ फूट. पुढे रस्त्याकडे शटर. मागच्या भिंतीत एक खिडकी आणि पलीकडे ड्रेनेजचा डक्ट. टॉयलेट कॉम्प्लेक्सचं सामायिक आहे, त्यामुळे आतली जागा त्यात जात नाही. फरशी जुनी आहे, उखडावीच लागेल.

काम करणारे दोघे. एक जण मुख्यतः रूट कॅनल करणार, उंची ५ फूट १० इंच. दुसरी जनरल आणि लहान मुलांचं काम करणार, उंची ५ फूट १ इंच, आणि डावखुरी. मदतनीस सध्या एकच.

प्रश्न असे:
१. दोन चेअर खरंच बसतील की हट्ट सोडावा?
२. डावखुऱ्या डॉक्टरसाठी वेगळी चेअर घ्यावी का?
३. डीलर चेअरसोबत हवेवर चालणारं सक्शन (तोंडातलं पाणी-लाळ ओढणारं) आणि १ एचपीचा ऑइल-फ्री कंप्रेसर ‘फुकट’ देतो आहे. तो दोन चेअरना पुरेल म्हणतो. पुरेल?
४. पैसे मोजके आहेत. कुठे हात आखडावा आणि कुठे आखडू नये?

प्लंबर सोमवारपासून येतो म्हणाला आहे.

---

अक्कलदाढ

प्लंबरला सोमवारी येऊ देऊ नका. चेअरखालचा जंक्शन बॉक्स एकदा फरशीत गाडला की पुढची वीस वर्षं तुमची मान कुठे वाकणार ते ठरून जातं. आधी माणूस कुठे बसणार ते ठरवा, मग पाइप.

दोन चेअर बसतात, पण जेमतेम. पुढून मागे असं बघा: वेटिंग ७ फूट, पहिली ऑपरेटरी (चेअरची खोली) ७ फूट ९ इंच, मधे स्टरिलायझेशनची (हत्यारं निर्जंतुक करायची) खोली ४ फूट ३ इंच, शेवटी दुसरी ऑपरेटरी ८ फूट. मधली तीन पार्टिशनं ४-४ इंचांची. बेरीज बरोबर २८. एका बाजूने ३ फुटांचा पॅसेज काढा, पण तो दुसऱ्या ऑपरेटरीच्या दाराशी संपवा. बहुतेक नकाशांत पॅसेज उगाच मागच्या भिंतीपर्यंत नेलेला असतो आणि शेवटच्या खोलीची ३ फूट रुंदी वाया जाते. इथे ती खोली पूर्ण १२ फुटांची मिळते.

स्टरिलायझेशन मधे घेण्याचं कारण सरळ आहे. मदतनीस एकच आहे. ती खोली टोकाला गेली तर वापरलेला ट्रे घेऊन तिला दर पेशंटमागे गाळ्याची लांबी दोनदा चालावी लागेल.

दोन्ही चेअरचं डोकं पॅसेजच्या विरुद्ध भिंतीकडे ठेवा, पाय पॅसेजकडे. पार्टिशन वजा जाता पहिल्या ऑपरेटरीत ८ फूट ८ इंच उरतात. चेअर पूर्ण आडवी केली की साधारण ६ फूट २ इंच. डोक्यामागे निदान २ फूट हवेतच, म्हणजे पायाशी ६ इंच उरले. म्हणून तिथे उघडझाप करणारं दार नको, सरकतं दार लावा, आणि तेही चेअरच्या पायासमोर नको, बाजूला. डोक्यामागच्या या २ फुटांत कोणी कपाट सुचवलं तर ऐकू नका. घड्याळाच्या हिशेबात पेशंटचं डोकं मध्यभागी आणि माथा १२ कडे धरला, तर उजव्या हाताने काम करणारा डॉक्टर बहुतेक वेळ ९ ते १२ मध्ये असतो. त्यातही वरच्या दाढा आरशातून बघायच्या तर ११ ते १२. मागे जागा नसली की तो ९ वाजताच अडकतो, उजवा खांदा पुढे काढून कंबरेतून पिळलेला. दुखणं तिथून सुरू होतं. चेअर कितीही भारी असली तरी ते चुकत नाही.

चेअर खोलीच्या बरोबर मध्ये बसवू नका. पहिल्या खोलीची रुंदी ९३ इंच, चेअर २४. उरले ६९. डॉक्टरच्या बाजूला ३८ आणि मदतनिसाच्या बाजूला ३१ ठेवा. डावखुऱ्या डॉक्टरच्या खोलीत हेच उलट. म्हणजेच कोण कुठल्या खोलीत बसणार ते चर खणण्याआधी ठरायला हवं. माझ्या मते रूट कॅनल मागच्या १२ फुटी खोलीत. डोक्यामागे ३ फूट मिळतात, पुढेमागे मायक्रोस्कोप घेतला तर तो फिरवता येतो, एक्स-रेचा हातही तिथेच बसवता येतो. मुलांचं काम पुढे, वेटिंगजवळ.

आता एक काम करा. उखडायच्या आधी फरशीवर पांढरी चिकटपट्टी लावून भिंती, चेअर, दार सगळं खऱ्या मापात आखा. साडेअठरा-एकोणीस इंच उंचीच्या बाकावर कोणाला तरी आडवं झोपवा, डोक्याशी खरं स्टूल ठेवा आणि ९ पासून १२ पर्यंत सरकत जा. गुडघा कुठे अडतो, कोपर कुठल्या भिंतीला लागतं, मदतनीस उभी राहिली तर दार सरकतं का, अर्ध्या तासात सगळं उघडं पडतं. सुताराचा थ्रीडी नकाशा हे सांगत नाही.

---

पाना_पक्कड

मी सर्व्हिसच्या बाजूने लिहितो. प्रश्न ३ चं उत्तर: नाही पुरणार.

चालू एअरोटर (हवेवर फिरणारं, दात कापायचं हँडपीस) आणि थ्री-वे सिरिंज (हवा-पाणी फवारणारी) धरून एका चेअरला मिनिटाला ५० ते ६० लिटर हवा लागते. दोन चेअर एकदम चालल्या तर १०० ते १२०. हा आकडा ५ बार दाबाला प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या हवेचा हवा. कंप्रेसरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा पिस्टनच्या ‘डिस्प्लेसमेंट’चा असतो. ५ बारला प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी हवा मिळते. डीलरकडे ‘५ बारला एफएडी (प्रत्यक्ष मिळणारी हवा) किती’ एवढंच विचारा. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजा.

वर हवेवरचं सक्शन जोडलंत की गणित संपलंच. हे वेंचुरी सक्शन एका एअरोटरइतकी, बहुतेकदा जास्तच हवा खातं. सक्शन उघडलं की एअरोटरचा आवाज खाली येतो, तो याचमुळे. मग डॉक्टर बर (कापायचं टोक) दाबून कापतो, बेअरिंग तापतं, काडतूस (आतला फिरता भाग) महिन्यात जातं आणि दोष हँडपीसच्या कंपनीला. दाब चेअरच्या काट्यावर बघून उपयोग नाही. हँडपीसच्या जोडणीपाशी टेस्ट गेज लावून, फूट कंट्रोल पूर्ण दाबलेला असताना बघायचा. २.२ ते २.८ बार, हँडपीसच्या कागदावर जे छापलं असेल ते.

दोन चेअरसाठी ऑइल-फ्री, दोन मोटर-हेडवाला, ५० लिटरच्या पुढची टाकी असलेला कंप्रेसर घ्या. कामाच्या तासांत तो निम्म्याहून जास्त वेळ चालू राहत असेल तर एकतर लहान आहे किंवा कुठेतरी गळती आहे. गळती बघायची तर संध्याकाळी टाकी भरून मोटर बंद करा, चेअरचा मेन व्हॉल्व्ह उघडाच ठेवा, सकाळी काटा वाचा.

आता कोकणातला खरा शत्रू, पाणी. पावसाळ्यात ३० अंश आणि ८५ टक्के दमटपणा धरला तर एक घनमीटर हवेत पंचवीसेक ग्रॅम वाफ असते. मिनिटाला १२० लिटर हवा ओढली तर तासाला सव्वासात घनमीटर. ती दाबल्यावर वाफ टाकीत मावत नाही, तासाला साधारण दीडशे मिली पाणी होऊन खाली बसतं. सतत न चालता निम्मा वेळ चालला तरी दिवसाअखेर अर्धा लिटर सहज. हे पाणी लाइनमध्ये गेलं की एअरोटरचं बेअरिंग गंजतं, चेअरच्या ब्लॉकमधले डायफ्रॅम चिकटतात, आणि ज्याचं कारण कोणाच्या लक्षात येत नाही ते म्हणजे एच करून (आम्लाने खरखरीत करून) वाळवलेल्या दातावर ओलावा बसून कॉम्पोझिट (दाताच्या रंगाची फिलिंग) सुटतं. तेव्हा ड्रायर वेगळा घ्या, मेंब्रेनचा किंवा डेसिकंटचा. टाकीला टायमरवाला ऑटो-ड्रेन लावा. कंप्रेसरला नुसती काचेची वाटी असलेला फिल्टर म्हणजे ड्रायर नव्हे, तो फक्त थेंब पकडतो, वाफ नाही. तपासणी सोपी आहे: थ्री-वे सिरिंजचं फक्त हवेचं बटण दाबून कोरड्या तोंड-आरशावर दहा सेकंद फुंका. एकही ठिपका दिसता कामा नये.

कंप्रेसर ठेवायचा कुठे? जुलै २०२१ चा पूर चिपळूणकरांना सांगायला नको. गाळ्यात त्या पाण्याची रेघ कुठवर होती ते शेजाऱ्यांना विचारा. तुमची उंची ११ फूट आहे, स्टरिलायझेशनच्या खोलीवर साडेसात फुटांवर लोखंडी अँगलचा पोटमाळा काढा आणि कंप्रेसर, ड्रायर, इन्व्हर्टर तिथे चढवा. फ्रेम भिंतीत गाडलेली हवी, पार्टिशनवर टेकवलेली नको. खाली रबरी पॅड. टाकीचं पाणी नळीने सिंकमध्ये सोडा. आणि हवा खेचायची नळी पोटमाळ्यावर मोकळी ठेवू नका, पाइप जोडून ती बाहेर काढा. खाली ऑटोक्लेव्ह (वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र) वाफ सोडतो, ती वर जाते, कंप्रेसर तीच आत घेतो. ड्रायरला दुप्पट काम.

ड्रेनसाठी: तळमजला आहे म्हणून नशीबवान आहात, फरशीखाली चर काढता येईल. वरच्या मजल्यावर स्लॅब कापता येत नाही, मग अख्खी जमीन पाच-सहा इंच उचलावी लागते आणि व्हीलचेअरसाठी रॅम्पला जागा उरत नाही. पहिल्या चेअरच्या बॉक्सपासून मागच्या भिंतीपर्यंत तुमचं अंतर सुमारे १७ फूट. ८० ला १ उतार दिला तर अडीच इंच. म्हणजे चर सुरुवातीला ४ इंच खोल, शेवटाला साडेसहा. पाइप ५० मिमी, वळणावर ९० चा एल्बो नको, ४५ चे दोन टाका. इम्प्रेशनचं प्लास्टर आणि पॉलिशिंगची माती त्या एल्बोतच बसते. बॉक्समध्ये याशिवाय हवेची एक, पाण्याची एक, सक्शनची स्वतंत्र एक आणि विजेची एक नळी. एक रिकामी नळी जास्तीची टाकून ठेवा, तिच्यातून पुढे कॅमेऱ्याची केबल जाईल.

---

डावा_हात_उजवा_दात

डावखुऱ्या डॉक्टरच्या प्रश्नावर लिहिते, कारण यावर डीलर नेहमी ‘सवय होईल मॅडम’ म्हणून मोकळे होतात.

नेहमीच्या चेअरला स्पिटून (थुंकायचं भांडं) आणि सक्शन पेशंटच्या डाव्या हाताला, हँडपीसचा ट्रे उजव्या हाताला. डावखुऱ्या डॉक्टरला १२ ते ३ मध्ये बसायचं असतं आणि तिथे स्पिटूनचा खांब आडवा येतो. ती मग उजवीकडे बसून डाव्या हाताने पेशंटच्या छातीवरून काम करते, किंवा उजव्या हाताने करायला शिकते. दोन्ही चूक. काही कंपन्या डाव्या हाताचं मॉडेल ऑर्डरवर देतात, काहींचं युनिट खांबाभोवती फिरून दोन्ही बाजूंना येतं. फिरणारं महाग पडतं आणि त्यात एक सांधा वाढतो, म्हणजे गळण्याची एक जागा वाढते. तुमच्याकडे खोल्या वेगळ्या आहेत आणि माणसं ठरलेली आहेत, तेव्हा फिरणारं नको, सरळ डाव्या हाताचं घ्या. ते मिळायला वेळ लागतो, आजच विचारा. आणि ऑर्डरच्या कागदावर ‘लेफ्ट-हँड’ एवढंच न लिहिता स्पिटून पेशंटच्या उजवीकडे, ट्रे डावीकडे, फूट कंट्रोलची केबल डावीकडून, असं सुटं सुटं लिहून घ्या. फूट कंट्रोल हमखास विसरतात.

तेही जमलं नाही तर दुसरा मार्ग: चाकांवरचं कार्ट आणि चेअरवर स्पिटूनच नाही. कार्ट डाव्या कोपराजवळ ओढून घेता येतं.

चेअर बघायला शोरूममध्ये जाल तेव्हा टेप आणि स्वतःचं स्टूल घेऊन जा. चेअर पूर्ण आडवी करा, १२ वाजता बसा, मांड्या पाठीच्या टेकूखाली सरकवा. टेकू खांद्यापाशी जाड असला, खाली लोखंडी पट्टी आली असली, तर मांडी अडते. मग काय होतं बघा: डॉक्टर पेशंटला वर उचलतो, तोंड कोपराच्या वर जातं, हात बगलेपासून सुटतात, खांदे कानाकडे चढतात. पेशंटचं तोंड कोपराच्या उंचीला किंवा थोडं वर, दंड अंगालगत आणि डोळ्यापासून तोंड ३५ ते ४० सेंटिमीटर, हे जमत नसेल तर त्या चेअरचा स्क्रीन, मेमरी, मऊ गादी सगळं बाजूला ठेवा. डोक्याचा टेकू दोन सांध्यांचा हवा. वरच्या जबड्याला टेकू मागे पाडून हनुवटी वर, खालच्या जबड्याला टेकू पुढे आणून हनुवटी खाली. हा सांधा एका हाताने सुटतो का ते करून बघा. कडक असला की दुसऱ्या आठवड्यापासून कोणी हलवत नाही, आणि पेशंटच्या मानेऐवजी डॉक्टरची मान वाकते.

वयस्क पेशंट पूर्ण झोपायला तयार नसतात, कोणाला चक्कर, कोणाला दम. शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईला सरळ उताणं झोपवायचंच नाही, उजव्या कुशीखाली उशी देऊन थोडं डावीकडे कलवायचं. अशांच्या वेळी बसून वाकू नका, चेअर उभी करा आणि उभ्याने काम करा. चेअर किती खाली येते हे बघतात, किती वर जाते हेही बघा, कारण तुमच्यातला एक जण पावणेसहा फुटांच्या वर आहे.

पैशांबद्दल. माझा क्रम असा: स्टूल, लूप्स (चष्म्यावरची भिंगं), सक्शन, मग चेअर. चेअरसोबत येणारं स्टूल जवळजवळ नेहमीच टाकाऊ. ५ फूट १ इंच उंचीच्या डॉक्टरला नेहमीच्या गॅस सिलिंडरवर पाय अधांतरी राहतात. आखूड सिलिंडर वेगळा मागावा लागतो आणि मिळतो. मांड्या किंचित उतरत्या, गुडघे कमरेच्या खाली, पूर्ण तळवा जमिनीवर. सॅडल स्टूल यासाठी उत्तम, मात्र त्यावर बसणारा उंच जातो, म्हणजे पेशंटही वर घ्यावा लागतो. दोन्ही डॉक्टरांनी एकच स्टूल वापरायचं ठरवू नका. मदतनिसाचं स्टूल डॉक्टरपेक्षा चार-पाच इंच उंच आणि पाय टेकवायला कडं असलेलं, नाहीतर तिला काही दिसत नाही आणि ती दिवसभर उभी राहते.

लूप्सचं माप खुर्चीत बसून, आपल्या नेहमीच्या स्टूलवर, हात कामाच्या जागी धरून द्या. दुकानात उभ्याने दिलेलं माप हमखास चुकतं. काचा पुरेशा खाली कललेल्या नसतील तर लूप्स मान वाचवण्याऐवजी मोडतात. सुरुवातीला २.५ पट पुरे.

---

अक्कलदाढ

स्पिटून काढायला माझा विरोध आहे. आपल्याकडे पेशंटला चूळ भरायची असतेच. स्पिटून नसलं तर तो उठून सिंक शोधतो, किंवा कागदी पेल्यात थुंकतो आणि तो पेला मदतनिसाच्या हातात देतो.

दिव्याचं राहिलं. चेअरचा एलईडी दिवा घेताना किती लक्स आहे ते विचारण्याआधी त्याचा हात तुमच्या डोक्याच्या वर, नजरेच्या रेषेत येतो का ते बघा. पेशंटच्या पायाकडून येणारा दिवा तुमच्याच हाताची सावली तोंडात पाडतो. कॉम्पोझिटसाठी पिवळा मोड हवा, नाहीतर पांढऱ्या उजेडात मटेरियल हातातच घट्ट होतं. लूप्सवरच्या दिव्यालाही पिवळा फिल्टर लावा, हे विसरलं जातं. खोलीत साधारण ५०० लक्स, पेशंटभोवती १००० असा उजेड ठेवा. खोली अंधारी आणि तोंडात वीस हजार लक्स, असं असेल तर डोळे दुपारीच थकतात. शेड जुळवायला ५००० केल्विनच्या आसपासच्या, सीआरआय (रंग खरे दिसण्याचा आकडा) ९० च्या वरच्या ट्यूब घ्या. भिंतीला गडद निळा-हिरवा रंग नको.

---

डावा_हात_उजवा_दात

चूळ भरायची सवय मान्य. पण नीट सक्शन असेल तर पेशंट एका भेटीत एकदाच उठतो, तेही शेवटी. दर दोन मिनिटांनी उठून थुंकणं हे कमकुवत सक्शनचं लक्षण आहे, संस्कृतीचं नाही. मोठ्या नळीच्या टोकाशी मिनिटाला २५० लिटरच्या वर ओढ हवी. हवेवरचं सक्शन तिथपर्यंत पोचत नाही, ते फक्त लाळ ओढतं. अल्ट्रासॉनिक स्केलरचा तुषार त्याला आवरत नाही.

---

पाना_पक्कड

सक्शनवर ताईंच्या बाजूने. दोन चेअरला मिळून एक मोटर, ५०० ते ६०० लिटर ओढणारी, दोन्हीकडे हुकवर ठेवलं की आपोआप बंद होणारे व्हॉल्व्ह. हिचा धूर, म्हणजे बाहेर टाकलेली हवा, गाळ्याबाहेर आणि कंप्रेसरच्या नळीपासून लांब सोडा. ही मोटर वर चढवता येत नाही, पाणी खालून ओढायचं असतं, म्हणून मागच्या भिंतीला ओट्यावर ठेवा आणि पाऊस वाढला की उचलता येईल अशा युनियन जोडाने जोडा. रोज शेवटच्या पेशंटनंतर प्रत्येक नळीतून लिटरभर पाणी आणि फेस न होणारं सक्शन क्लीनर ओढा. भांड्यांचा साबण घालू नका, फेस मोटरपर्यंत जातो.

वीज: ऑटोक्लेव्हला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट आणि स्वतंत्र एमसीबी, तो दोन किलोवॅटच्या घरात खातो. ऑटोक्लेव्ह आणि कंप्रेसर इन्व्हर्टरवर घ्यायचे नाहीत. इन्व्हर्टरवर चेअर, दिवा, आरव्हीजीचा (डिजिटल एक्स-रेचा) कॉम्प्युटर. टाकीत हवा भरलेली असेल तर लाइट गेल्यावर हातातलं काम आटोपता येतं. अर्थिंग मात्र स्वतः उभं राहून करून घ्या. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की साधा अर्थ पिट नावालाच राहतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर लावून दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर चेअरचा बोर्ड आणि आरव्हीजीचा सेन्सर दोन्ही धोक्यात.

पाण्यासाठी चेअरला बाटली घ्या आणि तिच्यात आरओचं पाणी. थेट टाकीचं पाणी जोडलं तर बोअरच्या क्षारांनी एअरोटरच्या तोंडावरची बारीक भोकं बुजतात, एक भोक बुजलं की त्या बाजूचा दात तापतो. सकाळी प्रत्येक लाइन दोन मिनिटं, दोन पेशंटमध्ये वीस-तीस सेकंद वाहू द्या.

---

वाशिष्ठीकाठ

खूप आभार. प्लंबरला थांबवलं. चिकटपट्टी लावून बघितली, पहिल्या खोलीचं दार चुकीच्या बाजूला होतं, ते नकाशात बदललं. अजून तीन शंका. स्टरिलायझेशनच्या ८ फूट ८ इंची ओट्यावर काय कुठे? उभा, प्रेशर कुकरसारखा ऑटोक्लेव्ह चालेल का? एक्स-रे भिंतीवरचा घ्यायचा तर पार्टिशन कसलं करावं?

---

अक्कलदाढ

ओटा २२ इंच खोल ठेवा, उभं राहायला २ फूट ५ इंच मिळतात. उंची ३४-३५ इंच. दाराजवळचं टोक घाण, आतलं टोक स्वच्छ, आणि हत्यारं एकाच दिशेने सरकणार: ट्रे ठेवायची जागा, सिंक, अल्ट्रासॉनिक, पुन्हा धुणं त्याच सिंकमध्ये, वाळवायला दीड फूट, पाउच सील करायला दोन फूट, मग ऑटोक्लेव्ह, त्याच्या वर बंद कपाट. हात धुण्याचं बेसिन इथे नाही, ते प्रत्येक ऑपरेटरीत. ऑटोक्लेव्हमागे चार इंच मोकळे आणि डोक्यावर एक्झॉस्ट पंखा, नाहीतर पोटमाळ्याचा प्लाय फुगतो.

कुकरवाला चालतो तो नुसत्या उघड्या, भरीव हत्यारांना. एअरोटरच्या आतल्या नळ्यांत आणि पाउचमध्ये हवा अडकून राहते. जिथे हवा तिथे वाफ पोचत नाही, काटा मात्र १५ पाउंड दाखवत असतो. तुम्हाला क्लास बी लागेल, आधी पंपाने हवा काढून मग १३४ अंशांवर धरणारा, शेवटी वाळवणारा. २२ लिटरचा घ्या. वाळवण्यासकट फेरी तासाभराची धरा, धुणं आणि तेल देणं धरून दीड तास. यावरून एअरोटर किती लागतील ते काढा. पाऊण तासाला दोन पेशंट, म्हणजे दीड तासात चार फिरतीत, दोन हातात, दोन पाउचमध्ये तयार. आठ. लोक चार घेतात आणि मग मधे स्पिरिटने पुसतात.

कचऱ्याचं लगेच उरकून घ्या. २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, खाटा नसलेल्या क्लिनिकला ती एकदाच घ्यायची असते. रक्ताचा कापूस आणि काढलेले दात पिवळ्यात, हातमोजे आणि सक्शन टिप लाल, सुया आणि ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेची वायल निळ्या खोक्यात. चांदी भरलेला दात पिवळ्यात टाकू नका, तो जाळला की पारा हवेत जातो. सुईचा डबा ऑपरेटरीतच, हाताच्या टप्प्यात हवा. सुई घेऊन पॅसेजमधून चालायचं नाही.

---

पाना_पक्कड

एक्स-रेचा हात जिप्समच्या पार्टिशनवर कधीही लावू नका. पूर्ण ताणला की त्याचं ओझं वरच्या दोन बोल्टांना बाहेर खेचतं. मागच्या खोलीत तो विटांच्या मूळ भिंतीवर घ्या, पलीकडून पट्टी देऊन आरपार बोल्ट. बिल करायच्या आधी ते मॉडेल एईआरबीने (अणुऊर्जा नियामक मंडळाने) मंजूर केलेलं आहे का ते त्यांच्या ईलोरा पोर्टलवर बघा आणि नोंदणी तिथेच करा. बटणाची केबल दोन मीटरपेक्षा आखूड असेल तर बदलून मागा. तुमची खोली १२ फूट लांब आहे, तेव्हा किरणांच्या रेषेबाहेर दोन मीटरवर उभं राहणं जमतं. फिल्म किंवा सेन्सर बोटाने धरून बसायचं नाही, होल्डर घ्या.

आणि ड्रेनचं एक लिहायचं राहिलं. चेअरच्या बॉक्समधून निघाल्यावर पाइपला पाण्याचा ट्रॅप द्या आणि तो उघडून साफ करता येईल असा झाकणाचा घ्या. चेअरच्या आत ट्रॅप असतो असं डीलर सांगेल. तो उथळ असतो, मे महिन्यात चार दिवस क्लिनिक बंद ठेवलं की सुकतो आणि डक्टची घाण हवा स्पिटूनमधून वर येते. सुट्टीवर जाताना स्पिटूनमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर दोन चमचे लिक्विड पॅराफिन सोडा, पाणी सुकत नाही.